सेकंड हँड पिकअप माल भरून घाट चढताना पुन्हा पुन्हा बंद पडते. मिस्त्री पंप बदलायला सांगतोय, बदलू का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: २०१८ची डिझेल पिकअप, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. रिकामी असली की मस्त पळते. टन-सव्वा टन माल भरून घाटाला लागली की दम सोडते आणि कधी कधी बंदच पडते. पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नाही अशी चालू होते. डिझेल फिल्टर बदलून झाला, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून झाले, आणि आता नोझलकडे जाणाऱ्या डिझेलला दाब देणाऱ्या हाय-प्रेशर पंपाचा खर्च समोर ठेवलाय.

पंपाला आत्ताच हात लावू देऊ नका. तुम्ही सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती पंधरा-वीस मिनिटं. झिजलेल्या पंपाची खूण बहुधा उलटी असते. तापलेलं इंजिन बंद केलं की ते पुन्हा चालू व्हायला रडवतं, कारण गरम, पातळ झालेल्या डिझेलवर झिजलेल्या पंपाला दाब बांधता येत नाही. सकाळी थंड असताना तीच गाडी बरी चालू होते. तुमची गाडी मात्र घाटातच, इंजिन अजून चांगलं गरम असताना, उभं राहून बरी होते. म्हणजे उभं राहिल्यावर काहीतरी बदलतंय. टाकीतली ओढली गेलेली घाण खाली बसते, किंवा टाकीत तयार झालेली पोकळी हळूहळू भरते, किंवा एखादा सेन्सर थंड होतो. यातल्या कशालाही नवीन पंप हे औषध नाही.

आधी एकच गोष्ट नीट आठवा, नाहीतर पुढच्या वेळी लक्ष देऊन बघा: गाडी मरते कशी? हळूहळू ओढ कमी होत, धक्के देत, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही न उचलता बंद पडत असेल, तर ती डिझेलला उपाशी आहे. चालता चालता चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प होत असेल, तर वायरिंग किंवा क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर, बघायचा. हा सेन्सर तापला की आतून तुटक होतो आणि थंड झाला की पुन्हा जुळतो. त्याची सोपी तपासणी अशी: बंद पडल्या पडल्या सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरतंय पण काटा जागचा हलत नाही, किंवा स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसतोय, तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या कनेक्टरवर. कनेक्टरमध्ये ऑइल शिरलेलं असतं, वायर सायलेन्सरच्या बाजूला घासून सोललेली असते. हे सगळं पंपाच्या तुलनेत किरकोळ खर्चाचं काम आहे. सेन्सर घ्यायचा तर मात्र कंपनीचाच घ्या, लोकल सेन्सर पुन्हा घाटातच उभं करतो.

तुमच्या वर्णनावरून मला मात्र पहिला प्रकार वाटतोय, डिझेल कमी पडण्याचा. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट ओढताना जेवढं डिझेल मागते, त्याच्या जेमतेम काही हिश्श्यावर रिकामी गाडी सपाटीला चालते. सक्शनची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढायची, वाट अर्धी तुंबलेली असली तरी रिकाम्या गाडीला कळतही नाही.

पुढच्या वेळी दम सोडायला लागली की गाडी बाजूला घ्या, चाकांना दगड लावा आणि टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी लगेच पहिल्यासारखी ओढायला लागली, तर तुमचं दुखणं त्या झाकणात आहे. टाकीतून डिझेल जाईल तशी हवा आत यावी म्हणून झाकणाला किंवा टाकीला श्वासाची वाट असते. जुन्या गाडीचं झाकण हरवलेलं असतं, कुणीतरी दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं असतं, किंवा ती वाट चिखलाने बंद झालेली असते.

झाकणाने फरक पडला नाही तर कॅनची चाचणी करा. हीच मला सगळ्यात भरवशाची वाटते, आणि गॅरेजमध्ये ती क्वचितच करतात, कारण त्यासाठी भरलेल्या गाडीबरोबर घाटापर्यंत यावं लागतं. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या. फिल्टरकडे जाणारी सक्शनची नळी टाकीऐवजी कॅनमध्ये सोडा आणि इंजिनकडून परत येणारी रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये आणा. रिटर्न टाकीतच राहिली तर कॅन बघता बघता रिकामा होतो आणि लाइन हवा धरते. कॅनच्या झाकणाला हवेसाठी भोक ठेवा. कॅन हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात घट्ट बांधा, सायलेन्सरपासून लांब, आणि केबिनमध्ये तर नकोच. मग नेहमीचा माल भरून नेहमीचाच घाट चढा. गाडी न अडखळता चढली, तर दोष टाकी, तिच्यातली जाळी आणि चॅसीवरून येणारा पाइप एवढ्यातच आहे, इंजिनकडे बघायची गरज नाही. तरीही अडखळली, तर टाकी निर्दोष. मग फिल्टरच्या पुढे सरका.

माझ्या गाडीचं दुखणं अगदी हेच होतं. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला जायचं म्हणजे हातखंबा, पाली, साखरपा आणि मग आंबा घाट, तोही एप्रिल-मेच्या उन्हात. साखरप्यापर्यंत काही नाही, घाटाची वळणं सुरू झाली की गाडी मान टाकायची. कॅन लावून गाडी वर आंबा गावापर्यंत एका दमात गेली. टाकी उतरवली तेव्हा तळाशी गंजाचा चुरा आणि काळा, बुळबुळीत गाळ निघाला. हा गाळ येतो पाण्यातून. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत उभी राहिली की आतल्या पत्र्याला दव धरतं, ते पाणी जड असल्याने डिझेलच्या खाली बसतं, पत्रा गंजतो आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून शेवाळासारखा थर तयार होतो. चढावर जोरात ओढ लागली की हे सगळं जाळीला चिकटतं, गाडी बंद केली की सुटून खाली बसतं. म्हणून विश्रांतीनंतर चालते, आणि म्हणूनच फिल्टर कितीही बदलले तरी उपयोग होत नाही, कारण अडथळा फिल्टरच्या अलीकडे असतो.

तुमच्या गाडीचा इतिहास इथे विचारण्यासारखा आहे. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेली असेल आणि यार्डात एखादा पावसाळा उभी राहिली असेल, तर टाकीवर माझा संशय दुप्पट होईल. टाकी धुताना आतून पापुद्रे निघत असतील तर ती बदललेली बरी. वेल्डिंग करायचं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. रिकाम्या टाकीत राहिलेल्या वाफेने भडका उडतो, माणसं जातात.

आता स्कॅनरबद्दल. 'स्कॅनरने पंपच दाखवला' असं तुम्हाला सांगितलं गेलंय. बहुतेक तो पी००८७ हा कोड असेल. त्याचा अर्थ एवढाच की रेलमध्ये, म्हणजे पंपाकडून आलेलं डिझेल दाबाखाली धरून सगळ्या नोझलना वाटणाऱ्या पाइपात, हवा तेवढा दाब आला नाही. का आला नाही ते कोड सांगत नाही. टाकीच्या झाकणापासून नोझलपर्यंत कुठलाही दोष हाच कोड देतो. कोड पुसून 'झालं' म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. स्कॅनर लावून मिस्त्रीला शेजारी बसवा आणि घाट चढताना रेल प्रेशरचे दोन आकडे बघायला सांगा, कॉम्प्युटरने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला. दोन्ही बरोबर चालले आणि तरीही ओढ नसेल, तर डिझेल सोडून टर्बोचे होज, इंटरकूलर आणि एअर फिल्टर बघा. होज फाटला असेल तर बहुधा काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज मिळतो.

कॅन लावूनही दाब पडतोय असं निघालं, तरच नोझल आणि पंप. तिथेही आधी रिटर्नची चाचणी: सगळ्या नोझलच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावायच्या, ज्याची बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरते ते नोझल गळतंय. जुना फिल्टर कापून बघा. आत चमकणारी धातूची बारीक पूड असेल तर पंप खरोखर स्वतःला खातोय, आणि मग नुसता पंप बदलून भागत नाही, रेल, पाइप आणि नोझलही साफ करावे लागतात. ही पूड न बघता पंप बदलू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या साध्या पंपाच्या गाड्यांमध्ये चालू इंजिनवर नोझलचा नट सैल करून मिसिंग, म्हणजे कुठला सिलिंडर काम करत नाही ते, शोधायची पद्धत होती. तुमची गाडी कॉमन रेल आहे, लोडवर दाब १००० बारच्या पुढे जातो. टायरमध्ये असतो दोन-चार बार. सैल केलेल्या नटातून उडालेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते. कुणी तसं करत असेल तर तिथेच थांबवा.

तापमानाचा काटा वर जात असेल किंवा पाणी कमी होत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून हेड गॅस्केटची तपासणी आधी करा. २०१८ची गाडी बीएस-४ या जुन्या प्रदूषण नियमाची आहे, त्यामुळे एप्रिल २०२०नंतरच्या गाड्यांमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबण्याचा प्रकार तुम्हाला लागू नाही.

विकायचं का, हेही तुम्ही विचारलंय. इंजिन गरम करून आयडलवर ऑइलचं झाकण उघडा. हलकी वाफ चालते. भकाभक धूर येत असेल, मागे निळा धूर असेल आणि ऑइल पुन्हा पुन्हा घालावं लागत असेल, तर रिंगा-लायनर गेलेत आणि पूर्ण इंजिन कामाचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून बघा. तसं नसेल तर गाडी विकू नका. टाकी धुवायच्या दुखण्यासाठी चांगलं इंजिन पडेल भावात जाईल, आणि पुढची सेकंड हँड गाडी काय घेऊन येईल ते कुणाला माहीत.

झाकण उघडून काय झालं आणि कॅन लावून घाट चढली का, एवढं इथे कळवा. त्याबरोबर टाकी किती भरलेली असताना बंद पडते तेही लिहा. पाव टाकीच्या खालीच पडत असेल तर चढावर डिझेल मागे सरकून सक्शनचा पाइप उघडा पडत असेल, आणि मग टाकीच्या आतला तो पाइप तुटलाय किंवा चुकीचा बसलाय का हे पहिल्यांदा बघावं लागेल.