डेल्फ्ट की कोपनहेगन: नॅनोवायर क्युबिटवर पीएच.डी. करू पाहणाऱ्या फोंड्याच्या विद्यार्थिनीस

तुम्ही गोवा विद्यापीठात भौतिकशास्त्राची एम.एस्सी. पूर्ण करीत आहात, आणि अर्धसंवाहक नॅनोवायरच्या (अतिसूक्ष्म तारेच्या) जोडांपासून केलेल्या अतिसंवाहक क्युबिटवर (क्वांटम संगणकातील माहितीच्या मूलभूत एककावर) पीएच.डी. करण्यासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्टला यावे की डेन्मार्कमधील कोपनहेगनला, तसेच या विषयावर पुढे नोकरी मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा म्हापशाचा आणि आता डेल्फ्टचा रहिवासी, तरीही माझे मत असे की शहरापेक्षा तार कोण वाढवतो हे आधी पाहावे.

कारण या क्युबिटचे सगळे बरेवाईट त्या तारेत असते. नेहमीच्या ट्रान्समॉनमध्ये, म्हणजे अतिसंवाहक क्युबिटच्या प्रचलित प्रकारात, ॲल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये ऑक्साइडचा पातळ पडदा असतो; या रचनेलाच जोड म्हणतात. तो एकदा तयार झाला की जोडाची जोसेफसन ऊर्जा (जिच्यावर क्युबिटची वारंवारता अवलंबून असते) ठरून जाते, आणि क्युबिटची वारंवारता बदलती ठेवायची तर दोन जोडांचे वलय करून चिपवरील वाहिनीतून विद्युतप्रवाह सोडावा लागतो. तुम्ही विचारलेल्या प्रकारात, म्हणजे गेटमॉनमध्ये, त्या पडद्याच्या जागी इंडियम आर्सेनाइडची सुमारे शंभर नॅनोमीटर जाडीची तार असते. तिच्यावरील ॲल्युमिनियमचे कवच थोड्या लांबीपुरते रसायनाने काढून टाकतात, आणि त्या उघड्या भागाजवळच्या गेट नावाच्या इलेक्ट्रोडला व्होल्टेज दिले की तारेतील इलेक्ट्रॉनांची घनता, तिच्यामुळे जोडाची ऊर्जा आणि अखेर क्युबिटची वारंवारता बदलते. गेटमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नसल्यामुळे वीस मिलिकेल्व्हिनच्या आसपास चालणाऱ्या शीतकात त्याची उष्णता साचत नाही.

हे प्रथम 2015 साली कोपनहेगन आणि डेल्फ्ट या दोन्ही ठिकाणी दाखवण्यात आले. कोपनहेगनच्या गटाची तार तिथल्याच नील्स बोर इन्स्टिट्यूटमध्ये वाढवलेली होती आणि तिच्यावरील ॲल्युमिनियम निर्वात न मोडता चढवलेले असल्याने दोन पदार्थांमधील सीमा स्वच्छ राहिली होती. डेल्फ्टच्या कामात आइंडहोव्हेनचे संशोधक सहभागी होते. म्हणून मुलाखतीत निःसंकोच विचारा की तारा आज कुठून येतात, आणि त्या पुरवणारी व्यक्ती गट सोडून गेल्यास पुढे काय.

नोकरीबाबत स्पष्टच लिहितो. पहिल्या गेटमॉनचा विश्रांतिकाल (उत्तेजित क्युबिट ऊर्जा गमावेपर्यंतचा काळ) सुमारे एक मायक्रोसेकंद होता, तर आजचे चांगले ट्रान्समॉन शेकडो मायक्रोसेकंद टिकतात. शिवाय जोडातून इलेक्ट्रॉन फार सहज पार होत असल्यास क्युबिटच्या पातळ्यांमधील अंतरे जवळजवळ सारखी होऊ लागतात, आणि मग जलद नियंत्रण कठीण होते. तेव्हा क्वांटम संगणक याच जोडांचा होईल या भरवशावर येऊ नका. अँड्रीव्ह अवस्थांचे (अतिसंवाहकतेमुळे जोडात तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉन-पातळ्यांचे) भौतिकशास्त्र आवडत असेल तरच या. इलेक्ट्रॉन किरणांनी आकृती कोरणे, मायक्रोवेव्ह मापन आणि शीतक सांभाळणे ही कौशल्ये मात्र कोणत्याही क्युबिट प्रयोगशाळेला लागतात. भारतातही राष्ट्रीय क्वांटम मिशनला 2023 साली मंजुरी मिळाल्यामुळे परतीची वाट बंद नाही.

निघण्यापूर्वी पायथॉनमध्ये मापनयंत्रे चालवायला शिका, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उन्हाळी प्रकल्प मिळाला तर तो सोडू नका. स्थिर विजेच्या एका ठिणगीने जोड जळतो, त्यामुळे मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून काम करण्याची सवय पुस्तकातून लागत नाही.

नेदरलँड्समध्ये पीएच.डी. बहुधा चार वर्षांची पगारी नोकरी असते, डेन्मार्कमध्ये तीन वर्षांची. पहिल्याच वर्षात नमुने बिघडतात हे लक्षात घेता ते चौथे वर्ष मला मोलाचे वाटते. निवासाचा परवाना डेल्फ्टचे विद्यापीठच मागते, पण नगरपालिकेतील नोंदणीसाठी जन्मदाखल्यावर अपोस्टील (तो परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून केलेले सरकारी प्रमाणन) लागते. दाखल्यावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव यांत अक्षराचाही फरक असल्यास ती दुरुस्ती फोंड्यातच उरकून घ्या, आणि घराचा शोध नेमणुकीचे पत्र हाती पडताच सुरू करा, कारण डेल्फ्टमध्ये सप्टेंबरच्या तोंडावर खोली मिळणे फार अवघड जाते.