नारळ 'वाढवला', दुकान 'वाढवलं' असं का म्हणतात? सरळ बोललं तर काय बिघडतं?

नारळ 'फोडला' न म्हणता 'वाढवला', दुकान 'बंद केलं' न म्हणता 'वाढवलं' म्हणतात, हा नुसता शब्दांचा थाट आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही.

माझ्या आजीची काचेची बांगडी पिचली की ती लगेच म्हणायची, "वाढली गं." 'फुटली' हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही, कारण बांगड्या फोडतात त्या नवरा गेल्यावर. एवढ्याशा शब्दाने ती आजोबांचं आयुष्य जपायची. घरातून निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, त्यातही परत यायचा शब्द दिलेला असतो. हे बोलणं मला फार प्रिय आहे आणि माझ्या मुलांनी ते सोडू नये असं मनापासून वाटतं.

मात्र ऐकणाऱ्याला आतला अर्थ ठाऊक असेल तरच ते चालतं. गावाकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात, आणि चावला तर 'पान लागलं'. अंगणात बसलेल्यांना तेवढं पुरतं. पण दुसऱ्या भागातून नुकत्याच आलेल्या डॉक्टरला 'पान लागलं' सांगून काय कळणार? त्यात मण्यार असेल तर बऱ्याचदा ना सूज दिसते, ना दुखतं. साप चावलाय, इतक्या वाजता, इथे, हे तोंडाने सांगावंच लागतं.

माझ्या आईचं असंच झालं. पाळी जाऊन 8 वर्षं झाली होती. डॉक्टरांना ती एवढंच म्हणाली, "अंगावरून जातंय." आपल्याकडे हे पांढऱ्यालाही म्हणतात आणि लालालाही. त्यांनी पांढरं धरलं आणि गोळ्या दिल्या. खरं तर पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेलं तर लगेच तपासणी करावी लागते, कारण असं रक्त जाणं ही गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते.

पुढच्या खेपेला मावशी सोबत गेली. आईने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मावशीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "रक्त जातंय, डॉक्टर. लाल. दीड महिना झाला." डॉक्टरांनी पेन खाली ठेवून आईकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही, पण "हो" म्हणाली. त्याच दुपारी सोनोग्राफी झाली.