सातबाऱ्याला हात लावू नकोस

तू लिहिलंयस की आयटीआयला फिटर झालास, आता जर्मनीत शिकायला यायचंय, आणि खर्चासाठी वडील गावची दोन एकर तारण ठेवायला निघालेत. मी सात वर्षांपूर्वी इस्लामपूरहून श्टुटगार्टला आलो. मनापासून सांगतो, आधी जमिनीचा विषय बंद कर.

तुझ्यासाठी आउसबिल्डुंग आहे. कंपनीशी करार करायचा, तिथंच काम शिकायचं आणि आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जायचं. सरकारी शाळेचा खर्च सरकार उचलतं, कारखान्यातल्या शिक्षणाचा कंपनी, आणि वर विद्यावेतनही तीच देते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणाला पहिल्या वर्षी दरमहा किमान ६८२ युरो, असा कायदाच आहे. पुढं दरवर्षी वाढतात. कंपनी हे उपकार म्हणून करत नाही, तिला साडेतीन वर्षांनी तयार फिटर हवा असतो. ज्याला कारागीर लागतो तोच पैसे घालतो, म्हणून ही व्यवस्था टिकलीय. आपल्याकडं तोच भार बापाच्या सातबाऱ्यावर पडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिले कित्येक आठवडे मी व्हाइसला पोलादाचा तुकडा लावून कानस मारत होतो. आमचे मास्टर त्यावर गुण्या टेकवून उजेडाकडं धरायचे. फटीतून उजेड दिसला की पुन्हा पहिल्यापासून. हे तू आयटीआयत केलंयस, त्यामुळं हातानं अडणार नाहीस. अडशील भाषेनं. व्हिसाला साधारण बी-१, म्हणजे जर्मन भाषेची मधली पातळी, चालते, पण शाळेतले पेपर तेवढ्यावर सुटत नाहीत, आणि कारखान्यात सगळे श्वेबिश, म्हणजे इथली जर्मन बोली, बोलतात. त्याच्या वरची बी-२ पातळी करूनच ये. पैसे घालायचेच तर त्यात घाल.

विद्यापीठाचंही विचारलंयस. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण आमचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. शिवाय व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. जमिनी गहाण पडतात त्या इथं.

एजंटला एक रुपया देऊ नकोस. माझ्या ओळखीच्या मुलानं तीन लाख दिले, करार आलाच नाही. इथल्या रोजगार खात्याच्या संकेतस्थळावर जागा फुकट बघता येतात. प्रशिक्षण ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, अर्ज वर्षभर आधी करावा लागतो. तुझा बायोडेटा जर्मनमध्ये स्वतः लिहून पाठव, येत्या रविवारी बसून तपासून देतो.