अठरापगड गाण्यांचा अल्बम बांधताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रपटाची गाणी तयार आहेत. त्यात लावणी आहे, अभंग आहे, रॅप आहे, लग्नाच्या बँडची धून आहे आणि जुन्या तबकडीवरून घेतलेलं एक भावगीतही आहे. निर्माता म्हणतो, हे एकत्र चालणार नाही, सुटी सुटी गाणीच सोडू. तू त्याला सोडू देऊ नकोस. असे अल्बम लोक वर्षानुवर्षं पुन्हा ऐकतात, कारण पुढे काय येणार याचा अंदाज लागत नाही आणि जे येतं ते मात्र तिथेच हवं होतं असं वाटतं. हे दोन्ही साधायचं तर गाण्यांमधून एक धागा जावा लागतो. तो कोणता हे आधी ठरव. क्रम, आवाजाची पातळी, मधली शांतता हे सगळं त्यानंतरचं काम.

‘देव.डी’ (२००९) या हिंदी चित्रपटाचा अल्बम सलग ऐक. संगीतकार अमित त्रिवेदीचे अठरा ट्रॅक, पंजाबी ढोलापासून रॉकपर्यंत सगळं त्यात आहे. तिथला धागा आहे पुन्हा येणाऱ्या सुरावटींचा. ‘माही मेन्नू’ दोनदा येतं, देव-चंदाची धून दोनदा येते. ‘इमोसनल अत्याचार’ तर एकदा बँडबाजावाल्यांच्या थाटात आणि एकदा रॉकमध्ये. या दोन रूपांवर एक अख्खी संध्याकाळ घालव. बँडच्या रूपात पितळी वाद्यं एकमेकांवर चढतात, गाणारा मांडवातल्या पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून घसा ताणतो, आणि शब्द दुःखाचे असूनही वरात पुढे सरकत राहते. रॉकच्या रूपात तीच चाल गिटारच्या भिंतीसमोर उभी राहते आणि गाणं एका माणसाच्या डोक्यात शिरतं. चाल तीच असल्यामुळे ऐकणाऱ्याचा कान दोन टोकं आपोआप जोडतो. तुझ्या चित्रपटातली एखादी चाल अशी दुसऱ्या पेहरावात आणता आली, दीड मिनिटाची का होईना, तर अर्धं काम झालं.

धागा वाद्यांचाही असू शकतो. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या अमेरिकन चित्रपटाचा अल्बम (२०००) संगीत-निर्माता टी बोन बर्नेटने बांधला. त्याची सुरुवात होते ती लोकगीतांचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने १९५९ मध्ये मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात ध्वनिमुद्रित केलेल्या कैद्यांच्या गाण्याने. ताल आहे कुऱ्हाडींच्या घावांचा. लगेच पुढे १९२८ चं एक ध्वनिमुद्रण येतं, आणि नंतर नव्याने गायलेली गाणी. इतक्या वर्षांचं अंतर असूनही सांधा दिसत नाही, कारण नवी गाणीही गिटार, बँजो, फिडल, मँडोलिन आणि उघड्या गळ्यावरच उभी आहेत. आपल्याकडे ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (२०१५) जितेंद्र अभिषेकींच्या नाट्यपदांशेजारी शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना आणि कव्वाली आहे, तिथे धागा गायकीचा आहे. ‘पल्प फिक्शन’ला (१९९४) तर स्वतंत्र पार्श्वसंगीतच नाही. जुनी गाणी निवडली आणि अल्बममध्ये त्यांच्या अधेमधे चित्रपटातले संवाद ठेवले. संवादाचा हा उपाय सोपा वाटतो, पण वीस सेकंदांपेक्षा लांब संवाद दुसऱ्यांदा ऐकताना लोक पुढे ढकलतात. आणि तो गाण्याच्या फाइलला चिकटवू नकोस, वेगळा ट्रॅक ठेव. नाहीतर ते गाणं एकटं लावणाऱ्याला दर वेळी संवाद ऐकावा लागेल.

आता क्रम. कागदावर प्रत्येक गाण्यापुढे पाच गोष्टी लिही: लय, पट्टी, लांबी, पहिल्या पाच सेकंदांत काय वाजतं, शेवटच्या पाच सेकंदांत काय वाजतं. शेवटच्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या, कारण सांधा तिथेच पडतो. पट्टीकडे, म्हणजे गाण्याचा षड्ज (सा) पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर आहे त्याकडे, विशेष लक्ष दे. एक गाणं काळी दोनमध्ये संपलं आणि पुढचं पांढरी तीनमध्ये गळ्यानेच सुरू झालं, तर कानात आधीचा षड्ज अजून रेंगाळत असतो आणि नवा गायक बेसूर वाटतो. तो बेसूर नसतो, शेजार वाईट असतो. मध्ये चार सेकंद शांतता ठेव, किंवा ज्याची सुरुवात निव्वळ ढोलकीने किंवा पखवाजाने होते असं गाणं तिथे आण. काळी एकनंतर काळी चार छान बसते, षड्ज-पंचमाचं नातं आहे.

दोन गाण्यांमधली शांतता सगळीकडे दोन सेकंद ठेवायची सवय मोड. लावणी थाडकन सम गाठून संपत असेल तर पुढचं गाणं अर्ध्या-एक सेकंदात येऊ दे. अभंगाच्या शेवटी टाळांची आस पूर्ण विरल्यावर मग तीन सेकंद मोज.

तबकडीवरचं भावगीत तुला सगळ्यात जास्त छळेल. ते मोनो (एकाच वाहिनीचं) आहे, वरच्या कंप्रता (फ्रिक्वेन्सी) त्यात जेमतेम आहेत आणि खरखर आहे. रॅपच्या जाड बेसनंतर ते ठेवलंस तर मेलेलं वाटेल. त्याच्या आधी एकट्या गळ्याचं किंवा एकाच वाद्याचं काहीतरी हवं. खरखर पूर्ण काढू नकोस. सॉफ्टवेअर जास्त चालवलं की गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे होतात. टिचक्या काढ, अखंड खरखर थोडी राहू दे आणि गाण्याआधी सेकंदभर ती हळूच वर आण, म्हणजे कानाला काळ बदलल्याची वर्दी मिळते. खोटा स्टिरिओ तर करूच नकोस.

पातळी जुळवताना मीटरपेक्षा कानावर भरवसा ठेव. सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या सरासरी जोराचं माप) आणलीस तर अभंगातला एकटा आवाज बँडइतका मोठा होईल आणि दोन्ही खोटी वाटतील. प्रत्येक गाण्यातला गायक तुझ्यापासून किती अंतरावर उभा आहे ते ऐक आणि ती अंतरं पटतील अशी ठेव. शांत गाणं बँडपेक्षा तीन-चार डेसिबल खाली राहिलं तर राहू दे. स्पॉटिफायवर अल्बम क्रमाने वाजला की सगळ्या अल्बमला मिळून एकच दुरुस्ती लागते, तुझे चढउतार टिकतात. शफलवर मात्र प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं. त्याला इलाज नाही. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस, नाहीतर एमपी३ किंवा तत्सम रूपांतरात पितळी वाद्यं फाटतात.

चित्रपटाच्या मिक्सिंगमधून आलेल्या फाइल ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) असतात, गाण्यांच्या स्टुडिओतून आलेल्या बऱ्याचदा ४४.१ च्या. ४८ ची फाइल रूपांतर न करता ४४.१ समजून वाजली तर लय आठ टक्के मंदावते आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने (सेमीटोन) उतरते. गायक दमल्यासारखा वाटला की आधी हेच तपास.

हक्कांचं काम आजच सुरू कर, कारण अल्बम अडतो तो तिथेच. चित्रपटात गाणं वापरायची परवानगी मिळाली म्हणजे अल्बममध्ये विकायची मिळाली असं होत नाही. करारात दोन्ही स्पष्ट लिहून घे. जुन्या गाण्याला दोन दारं ठोठवावी लागतात: शब्द आणि चाल यांचे मालक एकीकडे, ध्वनिमुद्रणाचा मालक दुसरीकडे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, तर शब्द आणि चालीचा, कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि त्यांच्या मृत्यूनंतर आणखी साठ वर्षं. म्हणून तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण तुझ्या अभंगाची चाल कुणा आधुनिक संगीतकाराची असेल तर त्याची किंवा वारसांची लेखी संमती हवी. परवानगी अडली तर त्या जागी काय येईल हे आधी ठरवून ठेव. ऐनवेळी एक गाणं गळलं की दोन्ही बाजूंचे सांधे नव्याने बसवावे लागतात.

क्रमाचा पहिला खर्डा झाला की पाठव. पहिली तीन आणि शेवटची दोन गाणी तिथेच का ठेवलीस, ते प्रत्येकी एका ओळीत लिही. भावगीताच्या आधी काय ठेवलंस ते मात्र सविस्तर कळव.

तुझा हितचिंतक