भूसंपादनात जाणारी बाग, विहीर आणि उरलेला तुकडा

प्रश्न : किल्ल्याच्या पायथ्याशी ऐतिहासिक उद्यानासाठी आमच्या 1 हेक्टर 20 आरपैकी 80 आर जमीन जाणार आहे. भूसंपादन कायद्याच्या कलम 11 ची, म्हणजे संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली आहे. जाणाऱ्या भागात विहीर, ठिबक आणि केशर आंब्याची 40 झाडे आहेत, पण सातबाऱ्यावर जमीन जिरायत आहे. रब्बीत हरभरा पेरावा का? मोबदल्यासाठी काय करावे?

उत्तर : हरभरा जरूर पेरा. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही आणि हरभरा 105 ते 110 दिवसांत निघतो. ई-पीक पाहणीत नोंद मात्र करा. नवी फळबाग किंवा उसाची लागण आता नको. बाजारमूल्य कलम 11 च्या अधिसूचनेच्या तारखेचे धरतात, त्यामुळे नंतर लावलेल्या झाडांवर हरकत येते. विक्री, गहाणखतही आता चालत नाही. संपादनालाच किंवा क्षेत्राला हरकत असेल, तर ती अधिसूचनेपासून 60 दिवसांत लेखी द्या.

खरे नुकसान होते ते संयुक्त मोजणीच्या दिवशी. पंचनाम्यात नुसते ‘आंबा, लहान-मोठी झाडे 40’ असे लिहिले, की नऊ वर्षांचे फळते कलम आणि दोन वर्षांचे रोप एकाच मापाने मोजले जाण्याची भीती असते. म्हणून आधीच प्रत्येक खोडावर गेरूने क्रमांक टाका. क्रमांकासमोर वाण, वय, घेर आणि फळ धरते की नाही हे लिहा. मागच्या तीन वर्षांच्या आडत पट्ट्या (आडत्याकडच्या विक्रीच्या पावत्या) जोडा, कारण फळझाडाची किंमत उत्पन्नावरून काढतात. विहिरीची खोली, व्यास, बांधकाम मोजून लिहवून घ्या. विहिरीच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे आजच अर्ज करा. पुरावा म्हणून वीजबिल आणि ठिबक अनुदानाची कागदपत्रे लावा. पंचनाम्यात कोऱ्या जागा असतील तर सही करू नका. प्रत लगेच मागा.

उरणाऱ्या 40 आरकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. विहीर गेली की तो तुकडा कोरडवाहू होणार, कदाचित वाटही तुटणार. कलम 28 मध्ये तुकडा पडल्याच्या नुकसानीचा विचार करावाच लागतो. हा दावा नकाशासह स्वतंत्र लेखी द्या.

हिशेब असा पडताळा : समजा, 80 आरचे बाजारमूल्य 8 लाख आणि गुणक 2, म्हणजे 16 लाख. झाडे व विहिरीचे 4 लाख मिळवून 20 लाख. त्यावर तितकीच दिलासा रक्कम (सोलेशियम), म्हणजे एकूण 40 लाख. गुणक ग्रामीण भागात 1 ते 2 असतो, तुमच्या प्रकरणातला विचारून घ्या. शिवाय सामाजिक परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेपासून निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) किंवा ताबा, यातले जे आधी होईल तोपर्यंत बाजारमूल्यावर वार्षिक 12 टक्के वेगळे.

रक्कम कमी वाटली तरी उचला, पण पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारली’ असे लिहा. हे लिहिले नाही, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्यावेळी हजर असाल, तर त्या अर्जासाठी फक्त 6 आठवडे मिळतात.