रुफस की ॲलन्स? आधी शेपटीचा फोटो काढा

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मार्चअखेरीस फीडरवर (साखरपाण्याच्या भांड्यावर) आलेला, हिरव्या पाठीचा आणि तांबूस कुशीचा हमिंगबर्ड कोणता, रुफस की ॲलन्स या दिसायला सारख्या जातींपैकी, हा तीन फोटोंसह आलेला तुमचा प्रश्न. ‘पाठ हिरवी म्हणजे ॲलन्स’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. बहुधा ते बरोबर निघेल, पण एवढ्यावर मी तरी शिक्का मारणार नाही.

ॲनाज् ही तिसरी जात तर नक्कीच नाही. तो तुमच्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) बारा महिने दिसतो, पण त्याच्या अंगावर तांबूस रंग नसतो. नराचा गळा आणि डोकं गुलाबी चमकतं. तुमच्या पक्ष्याच्या कुशीवर आणि शेपटीत स्वच्छ विटकरी रंग आहे, म्हणजे उरले रुफस आणि ॲलन्स हे दोघंच.

आता पाठ. प्रौढ नराची पाठ पूर्ण तांबूस असेल, तर तो रुफस. उलटं मात्र खरं नाही: काही प्रौढ रुफस नरांच्या पाठीवर भरपूर हिरवा असतो. शिवाय दोन्ही जातींच्या माद्या आणि पिल्लं हिरव्या पाठीचीच. म्हणून आधी गळा बघा. तुमच्या पहिल्या फोटोत गळा पूर्ण भरलेला, केशरी-लाल आहे, म्हणजे नर. (दुसऱ्या फोटोत तोच गळा काळा दिसतोय तो प्रकाशाच्या कोनामुळे. ती चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते, आपल्याकडच्या शिंजिरासारखीच. कुशीचा तांबूस मात्र रंगद्रव्याचा, तो सावलीतही तसाच राहतो.)

खरा निकाल शेपटीत लागतो. शेपटीत दहा पिसं, प्रत्येक बाजूला पाच. मधल्या जोडीपासून बाहेर मोजत जा. रुफस नराच्या दुसऱ्या पिसाला टोकाजवळ आतल्या कडेला स्पष्ट खाच असते, ॲलन्सच्या नसते. ॲलन्सचं सर्वांत बाहेरचं, पाचवं पीस फारच अरुंद असतं, जवळजवळ सुईएवढं. बसलेल्या पक्ष्यात हे दिसणार नाही. पंख साफ करताना, दुसऱ्याला हुसकावताना किंवा हवेत ब्रेक लावताना शेपूट उघडते, तेव्हा मागून फोटोंची मालिका घ्या. शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा.

तारीख बऱ्याच वेळा मदत करते, नेमकी मार्चमध्ये नाही. ॲलन्स मेक्सिकोतून जानेवारीपासूनच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर यायला लागतात आणि इथेच घरटी करतात. रुफस पाठोपाठ मार्च-एप्रिलमध्ये इथून नुसते पुढे जातात. त्यांची वीण ओरेगनपासून थेट दक्षिण अलास्कापर्यंत. तीन-चार ग्रॅमच्या जिवाला हा प्रवास! त्यामुळे हाच पक्षी मे महिन्यात तुमच्याकडे ठाण मांडून बसलेला असता, तर मी ॲलन्स म्हटलं असतं. सिएटलमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडतच नाही, तिथे रुफस. लॉस एंजेलिसमध्ये डिसेंबरात दिसला तर मात्र आधी ॲलन्सच समजा, कारण किनाऱ्यासमोरच्या चॅनेल बेटांवरची, स्थलांतर न करणारी ॲलन्सची उपजात गेल्या शतकात मुख्य भूमीवर पसरली आणि तिथल्या बागांमध्ये आता वर्षभर असते.

नर हवेत कसरती करत असेल तर तेही टिपा. ॲलन्स आधी लंबकासारखा इकडून तिकडे झुलतो, मग उंच चढून सूर मारतो. रुफसचा सूर ‘जे’ अक्षराच्या वळणाचा, आणि तो तेच पुन्हा पुन्हा करतो. पंखांची किरकिर दोघांचीही येते, तिच्यावर जाऊ नका.

तिसऱ्या फोटोतला, गळ्यावर फक्त काही केशरी ठिपके असलेला पक्षी मादी किंवा कोवळा नर आहे. त्याचं नाव फीडरवरून ठरवणं सोडून द्या. पक्ष्यांच्या पायात रिंग घालणारे अभ्यासकसुद्धा पक्षी हातात घेऊन पिसांची रुंदी मोजतात. त्यात दक्षिण ओरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियात या दोन जातींचा संकरही होतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘रुफस/ॲलन्स’ असा पर्याय आहे, तोच निवडा. माझ्या मते बळेच एक नाव देण्यापेक्षा ही नोंद जास्त कामाची.

पहिल्या फोटोतल्या नरालाही तूर्त त्याच पर्यायात ठेवा. एकदा भांडकुदळ नरानं फीडर ताब्यात घेतला की तो जवळच्याच फांदीवर ठरावीक जागी येऊन बसतो, तेव्हा कॅमेरा त्या फांदीवर रोखून ठेवा. फीडरमध्ये एक भाग साखर, चार भाग पाणी. लाल रंग आणि मध नको. ऊन वाढलं की दर दोन दिवसांनी धुऊन भरा.