जुनं स्टीम क्लीनर घेताय? आधी कॉईल बघा

प्रश्न: नमस्कार. माझ्याकडे एक पोकलेन, एक लोडर आणि दोन टिपर आहेत, सर्व्हिसिंग आम्ही स्वतःच करतो. साध्या प्रेशर वॉशरनं माती निघते पण ग्रीस आणि ऑइलचा काळा थर जागचा हलत नाही, शेवटी पोरं स्क्रॅपर घेऊन खरवडत बसतात. आता एक डिझेलवर चालणारं जुनं स्टीम क्लीनर मिळतंय, तीन-चार वर्षं शेडमध्ये पडून आहे. मालक म्हणतो बंद केलं तेव्हा मस्त चालू होतं. घेऊ का? आणि घेतलं तर चालू करायच्या आधी काय काय करू?

उत्तर: घ्या, पण कॉईल, म्हणजे आतली पाणी तापवणारी नळी, बघितल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका. मालक खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, बंद केलं तेव्हा चालू असेलही, पण कॉईलमध्ये पाणी तसंच राहिलं असेल तर एवढ्या वर्षांत आतून गंज धरलेला असणार, आणि या मशीनमध्ये कॉईल सोडली तर बाकी सगळं बदलता येतं. पंपाची पॅकिंग, बर्नरचं नोझल, मोटर, स्विच, सगळं मिळतं. कॉईल गेली की मशीनच्या निम्म्याहून जास्त किमतीचा खड्डा पडतो.

मशीन आत कसं चालतं ते थोडं सांगतो म्हणजे काय बघायचं ते आपोआप कळेल. यात टाकी भरून उकळणारा बॉयलर नसतो. पंप पाणी ढकलतो, ते पाणी लोखंडी नळीच्या गुंडाळीतून, म्हणजे कॉईलमधून जातं आणि त्या गुंडाळीच्या मधोमध बर्नरची ज्योत असते. प्रेशरमध्ये असल्यामुळे पाणी 100 अंशांच्या पुढे 140-150 पर्यंत तापलं तरी पाणीच राहतं, गनच्या टोकातून बाहेर पडलं की प्रेशर सुटतं आणि त्यातला साधारण दहावा हिस्सा फस्कन वाफ होतो. म्हणजे येते ती ओली वाफ, आणि आपल्याला तीच हवी, कारण वाफेनं ग्रीस सैल पडतं आणि सोबतचं कढत पाणी ते वाहून नेतं.

आता बघायला जाताना. बर्नर पेटवू नका, आधी फक्त पाणी चालवा. गन आणि नोझल काढून टाका, पाइपचं तोंड मोकळं सोडा आणि पंपाजवळच्या गेजचा काटा बघा. तोंड मोकळं असताना काटा जेमतेम हलायला हवा. तो चांगला वर चढला तर समजा कॉईल आतून क्षारानं अरुंद झालीय. मग बादली आणि घड्याळ घेऊन मिनिटाला किती लिटर येतंय ते मोजा आणि मशीनच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघा. खूप कमी असेल तर पंपाचे व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग गेलंय, ते चालेल, ते दुरुस्त होतं. नंतर वरचं झाकण उघडून टॉर्चनं कॉईल बाहेरून बघा. काजळी असणारच, तिला घाबरू नका. वेढे खाली लोंबलेत का, कुठे निळसर जळकट डाग आहेत का, ते बघा. तसं दिसलं तर ती कॉईल कधीतरी पाण्याविना तापलीय.

हे मी जीव तोडून सांगतोय कारण माझं पहिलं मशीन असंच होतं. बाहेरून नवा रंग, गेजची काच चकाचक, मी खुशीत उचलून आणलं. झाकण काढलं तर फ्लो स्विचच्या दोन टर्मिनलमध्ये बोटभर लांबीची तांब्याची वायर पिळून लावलेली! फ्लो स्विचचं काम एकच, पाणी वाहत नसेल तर बर्नर बंद करायचा. कुणीतरी तो बिघडला म्हणून थेट जोडून टाकला होता आणि खालचे दोन वेढे जळून बसले होते. ते बघून पैशापेक्षा जास्त राग याचा आला की ती गन कुणाच्या तरी हातात होती, रोज. म्हणून कुठेही अशी वायर दिसली, किंवा सेफ्टी व्हॉल्व्हचं (प्रेशर फार वाढलं की ते सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचं) तोंड प्लग मारून बंद केलेलं दिसलं, तर आधीच्या माणसानं बाकीचंही काम तसंच केलंय असं धरून चाला.

मशीन आणलं की पहिलं काम क्षार काढायचं. सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिडचं पातळ पाणी करा (ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडवर ओतायचं नाही, आणि गॉगल-हातमोजे घालूनच), आणि एका छोट्या वेगळ्या पंपानं ते कॉईलमधून फिरवत परत प्लास्टिकच्या बादलीत सोडा, मशीनचा मुख्य पंप यासाठी वापरू नका. सुरुवातीला बादलीत सोड्यासारखे बुडबुडे येतात, पाणी तांबूस होतं, कधीकधी क्षाराच्या चपट्या कपच्या नळीतून खडखड वाजत बाहेर पडतात, ते ऐकायला मला अजून बरं वाटतं. बुडबुडे थांबले की ताजं मिश्रण घालून बघा, तरी बुडबुडे नाहीत म्हणजे काम झालं. मग भरपूर साधं पाणी आणि शेवटी धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा.

प्रेशर टेस्ट यानंतरच करायची, आधी नाही. कारण कधीकधी बारीक भोकं क्षारानंच बुजलेली असतात आणि क्षार निघाला की ती उघडी पडतात. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी प्लग लावा, कॉईलमधली सगळी हवा काढा, हातपंपानं गार पाण्याचं प्रेशर कामाच्या प्रेशरच्या दीडपट न्या आणि अर्धा तास काटा जागचा हलतो का बघा. हवेनं ही टेस्ट कधीच करायची नाही. पाणी दाबलं जात नाही म्हणून नळी फुटली तरी नुसती पिचकारी उडते, हवा मात्र स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते, ती फुटली तर लोखंडाचे तुकडे उडतात. टेस्ट झाली की प्लग आठवणीनं काढा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवाच लावा, जुना साफ करून नको.

बर्नरचं काम त्या मानानं सोपं. जुनं डिझेल सगळं काढा, फिल्टर बदला, नोझलवर जो आकडा आणि कोन कोरलाय तसंच नवं घ्या, मोठं नोझल टाकून जास्त वाफ काढायच्या नादाला लागू नका. ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडमधलं अंतर मॅन्युअलप्रमाणे ठेवा, आणि तिथे हजारो व्होल्ट असतात म्हणून मेन काढल्याशिवाय हात घालू नका. काळा धूर आला तर हवा कमी पडतेय, पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा आला तर डिझेल न जळता बाहेर येतंय. एकदा पेटला नाही तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, आत डिझेल साचतं आणि मग पेटताना भडका उडतो. नुसता ब्लोअर काही मिनिटं चालू ठेवा आणि मग बघा. झाकणाखालचा दोर किंवा पुठ्ठ्यासारखं पॅकिंग खूप जुनं असेल तर ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, कोरडं खरवडू नका, त्याची पूड हवेत उडवू नका.

प्रश्न: प्रेशर वॉशरचा पाइप चांगला आहे, तोच स्टीम क्लीनरला लावला तर?

उत्तर: नाही. त्यावर छापलेलं प्रेशर पुरेसं असेलही, पण तापमान बघा. साधा पाइप वाफेनं मऊ पडतो आणि कपलिंगपाशी सुटतो, आणि ते तोंड तुमच्या मांडीजवळ असतं. स्टीमसाठी म्हणूनच बनवलेला, आत तारेची जाळी असलेला पाइप घ्या. आणि गनच्या अगदी तोंडाशी असलेली वाफ दिसत नाही, पांढरा ढग थोडा पुढे सुरू होतो, त्यामुळे तिथे काही नाही असं समजून हात नेऊ नका.

प्रश्न: स्टीमनं धुतल्यापासून बकेटच्या पिना कुईकुई करायला लागल्यात. मशीनमुळे का?

उत्तर: मशीनमुळे नाही, धुण्याच्या पद्धतीमुळे. वाफेला घाणेरडं ग्रीस आणि कामाचं ग्रीस यातला फरक कळत नाही. पिन-बुशच्या फटीत सरळ झोत मारू नका, तिरका मारा, आणि धुऊन झालं की त्याच दिवशी प्रत्येक निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) नवीन ग्रीस भरा, फटीतून पाणी आणि जुनं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. हायड्रॉलिक सिलिंडरची सील, वायरिंगचे कनेक्टर, ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची तोंडं) आणि टायर यांपासून झोत लांबच ठेवा. ॲल्युमिनियमच्या भागांवर कॉस्टिकचं केमिकल अजिबात नको, ते धातूच खातं.

आणि धुतलेलं पाणी गटारात सोडू नका. दोन कप्प्यांचा खड्डा करा, पहिल्यात माती बसते, तेल वर तरंगतं आणि मधल्या भिंतीच्या खालच्या भोकातून पाणी पुढे जातं. साबण जास्त वापरला असेल तर तेल पाण्यात मिसळून राहतं आणि वेगळं व्हायला बराच वेळ लागतो, तेव्हा रात्रभर तसंच ठेवा आणि वरचं तेल सकाळी काढा.